शुभाचं रुखवत

५ एप्रिल, रविवार
थोरली बहीण आक्का नेसरीहून सकाळीच आली. माझी बायको मंगल, तिला जाऊन आठ महिने. वर्षाच्या आत पोरीचं लग्न उरकायचं, न्हायतर तीन वर्षं थांबा, हा बहिणीचाच हट्ट. आता म्हणते, रुखवत कोण करणार? आई असती तर… म्हटलं, मी करतो. हसली. "तुला टाका तरी घालता येतोय व्हय?" टाका नाही, फोटो छापायचं मशीन आहे. दुकानात लोकांना विकतो तेच. कप, उशी, घड्याळ. फोटो घरचे. स्वस्तात होईल आणि अख्ख्या शाहूपुरीत दुसऱ्या कुणाकडं नसेल. मंगल मांडवात नाही, निदान रुखवतात तरी असू दे.

८ एप्रिल, बुधवार
पहिली उशी झाली. मंगलचा पन्हाळ्यावरचा फोटो, वाऱ्यानं पदर उडालेला. आक्का भडकली. "गेलेल्या माणसाचा फोटो रुखवतात? हार घालून भिंतीवर लाव की! आईच्या तोंडावर डोकं ठेवून झोपायचं व्हय पोरीनं?" मीही आवाज चढवला. शुभा चहा ठेवते म्हणून आत गेली. बराच वेळ झाला, गॅस पेटल्याचा आवाज काही आला नाही.

११ एप्रिल, शनि.
दुकानात मागं मशीनपाशी होतो. पुढं शुभा आणि तिची मैत्रीण. मी आहे हे माहीत नव्हतं. "आत्याचं सोड गं. पण आईचं तोंड दिसलं तर मांडवात उभं ऱ्हायला जमणार न्हाय मला. पप्पास्नी कसं सांगू? किती हौसेनं करत्यात."
मशीन टी टी करत राहिलं. उघडलं नाही. कप करपला. मंगल तपकिरी पडली.

१३ एप्रिल, सोम.
एक गिऱ्हाईक : "पावणं, ह्या मेव्हण्याला उडवा फोटोतनं. पण हात ऱ्हायला तर बायको वळखंल, बघा!" हसून हसून पोट दुखलं. माणूस उडवणं सोपं, दुसऱ्याच्या खांद्यावरचा हात पुसायलाच वेळ लागतो.
घरी येऊन शुभाचे जुने फोटो बाहेर काढले. बसता येत नव्हतं तेव्हाचा, पाठीला मागनं हिरव्या बांगड्यांचा हात. शाळेचा पहिला दिवस, वेणीत दोन हात. कॉलेजच्या समारंभात निऱ्या सारख्या करणारा हात. मंगल फोटोत यायचीच नाही. "माझा कशाला, पोरीचा काढा." गिऱ्हाईकाचं काम असतं तर हे हात मी आधी कापले असते.
ठरलं. तोंड कुठंच नाही. हात राहू देत.

१९ एप्रिल, रवि.
सगळं झालं. आक्कानं चष्मा लावून एकेक कप फिरवून बघितला. "ह्यात कुठं हाय ती?" म्हटलं, नाही. परत बघितलं. बांगड्या ओळखल्या. पदर तोंडाला लावून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.
शुभाला दाखवलं नाही. दाखवायला पाहिजे. पण ती नको म्हणाली तर…

२४ एप्रिल, शुक्र.
आज दाखवणार होतो. मेंदीवाल्या आल्या. राहिलं. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

२७ एप्रिल, सोम.
काल लग्न झालं. मुलाकडची आजऱ्याची माणसं चांगली. काजूचा कारखाना, पण मिजास नाही. त्यांच्या बायका रुखवत बघायला आल्या. "वडलांनी केलंय? अगंबाई!" वगैरे. मी खांबापाशी. शुभा मागनं आली आणि थबकली. विहीणबाईंनी कप उचलला. "हात कुणाचा गं ह्यो? सगळ्यात हाय की."
शुभानं कप त्यांच्याकडनं घेतला. बघत राहिली. मग काहीतरी म्हणाली, दोन-तीन शब्द. नेमका तेवढ्यात बेंजोवाल्यांनी दणका दिला. विहीणबाई तिच्याकडं बघत होत्या, शुभा कपाकडं. मग करवल्या तिला ओढत घेऊन गेल्या. मांडवात ती उभी राहिली. रडली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.
रुखवताची खोकी टेम्पोत चढली. आक्कानं भरली, शुभानं नाही.

२८ एप्रिल, मंगळ.
शुभाचा फोन. "पप्पा, जेवलासा?" व्हय म्हटलं. काय म्हणालीस त्या वेळी, हे तोंडापर्यंत आलं. विचारलं नाही. फोन तसाच चालू. पलीकडं कुणीतरी चहा ओतत होतं. कुठल्या कपात, ते नुसतं ऐकून कळत नाही.