नळीतलं पांढरं

तामलवाडी, ४ एप्रिल १९८३

चि. अंबादास यास आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

काल आली तुझी बहीण मालन, सास्तूरहून. बोटाला तिची चांगुणा, मागनं जावई आबाराव, पिशवीत खारे शेंगदाणे. तुझ्या लेकीला, शामलाला मीठ बंद हाय हे कळवूनबी. म्हणाले, ध्यानातनं गेलं. जावई म्हणून सोडलं, पण पिशवी उतरंडीत लपवली.

पोरीचं तोंड अजून सकाळी फुगतंय, नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडतोय. डॉक्टरांनी दिलेल्या काचेच्या नळीत रोज तिची लघवी तापवते, तर अंड्यातल्या पांढऱ्यासारखी फुटते. मालन आली तवा हेच चाललं होतं. तिला वाटलं, आई आता नळीत चहा करती. लई हसलो.

मग तिनं मुद्दा काढला. म्हणे शामलाची मागची कावीळ रक्तात राहिलीय, तर त्यांच्याकडं एकजण दंडावर तापल्या सळईचा डाग देतो, पोरीला आजच नेतो. मी म्हणलं, मूत्रपिंड पोटात आणि भाजायचा दंड व्हय? पोरगी इथनं हलायची न्हाय. अर्धा कप चहा ठेवून रुसून गेली.

तुझं मत लगेच लिही. माया हायच, वाढती ठेव.
तुझी आई, मथुराबाई


सोलापूर, ११ एप्रिल १९८३

ती. आईस सप्रेम जयभीम.

मालनचंही पत्र आलं, आई हट्टी झाली म्हणते. हट्टीच राहा. डॉक्टरांना पुन्हा भेटलो. कावीळ दिसत नसली तरी तिची लागण शामलाच्या अंगात आहे, त्यानं मूत्रपिंड बिघडून लघवीतून सत्त्व गळतंय, नळीत पांढरं फुटतं ते तेच. लहान मुलांत पुष्कळदा ते हळूहळू थांबतं. तोवर मीठ नाही आणि दुसऱ्याला वापरलेली सुई नाही. तू थकली असशील तर तिला इकडं आणतो. हिला पाचवा महिना आहे, खोली लहान आहे, तरी जमवू.

तुझा आशीर्वाद असाच मागत राहणारा,
अंबादास


तामलवाडी, १९ जून १९८३

चि. अंबादास यास जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

थकायला मला येळ न्हाय. आडाचं पाणी तळाला गेलंय, पण नळी धुवायला कमी पडू दिलं न्हाय. मीठ मीबी सोडलं. पोरीला एकटीला अळणी कसं वाढू? दोघी लसूण-मिरचीवर भाकरी खातो. शेजारीण म्हणती, मथुराबाईकडं आता पाहुणा टिकायचा न्हाय.

तर काल नळी तापवली आणि पांढरं आलंच न्हाय. परत तापवली. न्हाय. शामलाला हाक मारून दाखवलं. ती म्हणली, आज्जी, आता मीठ दे. म्हणलं, डॉक्टर म्हणतील तवा. फुगून बसली, पण ह्या फुगण्याचं मला भ्या न्हाय.

आज दुपारी मालन आली, एकटीच चांगुणाला घेऊन. लेकराचे डोळे सुजलेले, पाय सुजलेले, दंडावर डागाची खपली. तिलाबी मागं कावीळ झाली होती. मालन खपलीवर पदर ओढत होती. मी नळी धुतली आणि चांगुणाला लघवीला बसवलं. तापवली तर पांढरी दह्यावानी.

मालन लई रडली. म्हणलं, रडून झालं की पाणी पी, आणि हिला सोलापूरला न्यायचं. शामलाचंबी रक्त तपासून घेऊ, नुसत्या नळीवर इसंबून राहायचं न्हाय. मालन आबारावांना आणायला सांजच्या यष्टीनं गेली, चांगुणा माझ्यापाशी हाय. तिचं मीठ आजपास्नं बंद.

सुनेला जपून राहा म्हणावं. आमच्यावर जीव हाय तसाच असू दे.
तुझी आई, मथुराबाई

ता. क. रजा टाकून ठेव. मालन जावयांना घेऊन गुरुवारी येते म्हणालीय, मग सगळी तिकडंच येतो.