विहिरीभोवतीचा फेर

रविवार, संध्याकाळ. शहापूर.

आजचा प्रयोग लोकांना आवडला. तरी मन थाऱ्यावर नाही.

धरणात बुडालेल्या आमच्या गावावर मी हा नाच बसवला, त्या जुन्या जखमेवर फुंकर घालावी म्हणून. गाणी शिकवली बायजाआजीने. ती त्याच गावच्या खालच्या वस्तीतली, ऐंशी ओलांडलेली. शेवटी साऱ्या बायका एका विहिरीभोवती फेर धरतात, तिथे लोक रडले. बायजाआजी मात्र पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

नंतर तिच्याजवळ गेले. "आजी, चुकलं का काही?"

"नाचलीस ब्येस. पन त्या विहिरीवर आमी कवा होतो गो? आमाला शिवू देत नव्हते. हंडा ठेवून लांब उभं रायचं. कुनाला दया आली तर वरून वतायची."

मला हे ठाऊक नव्हतं थोडंच? माझी आजीच ओतायची वरून. पुण्य केल्यासारखं सांगायची. मग त्या विहिरीवर सगळ्यांना एकत्र का आणलं मी? कुणाची जखम भरायला?

"आता काय करू?" मी विचारलं.

"आमाला लांब उभं कर. होतं तसं दाव."

शनिवारी मुरबाडला प्रयोग आहे. उद्या तालमीत मुलींना आधी माझ्या आजीचं सांगावं लागेल. वरून पाणी ओतणारी बाई मीच करणार. दुसऱ्या कुणाला ती कर म्हणायला मला तोंड नाही.