ओट आणि हल्ला यांचे शास्त्र

३ एप्रिल १७५४

एक कोडे. पागेतून बाहेर पडताना घोडा पाय ओढत चालतो. परतताना तोच घोडा, त्याच रस्त्यावर, तेच ओझे पाठीवर घेऊन, दमलेला असूनही, लगाम खेचला तरी दुडकी सोडत नाही. हे प्रत्येकाने पाहिले आहे. विचार मात्र आमच्या रिसाल्यात प्रथमच होत आहे, आणि तो मी करीत आहे.

निष्कर्ष: परतल्यावर ओट, म्हणजे घोड्यांचा दाणा, मिळतात. म्हणजे घोड्याचा वेग पायांत नसून पोटात असतो. या शोधाची निकड मोठी आहे. गेल्या वसंतातील पाहणीत माझ्या पथकाची रांग ऐन हल्ल्यात मोडली, तेव्हा जनरल फॉन क्रोश्विट्झ सर्वांसमक्ष म्हणाले होते, “कप्तान ट्राम्पनिट्झ, पुढच्या साली हेच दिसलं तर किनाऱ्यावरच्या किल्ल्यात पाठवीन. पायदळात. तिथं मोडायला घोडेच नाहीत.”

यंदाची पाहणी २१ मे रोजी. आमच्या घराण्यात आजवर कोणी चिखलातून चाललेले नाही.

५ एप्रिल

योजना पक्की. चाऱ्याचा बिगुल बंद. यापुढे दोन्ही वेळा हल्ल्याचा बिगुल वाजेल आणि त्यावर ओट मिळतील. हल्ला म्हणजे जेवण, हे एकदा घोड्याच्या मनात ठसले की समोर तोफ असो वा जनरलसाहेबांच्या भिवया, तो थांबणार नाही.

जमादार पागेल म्हणाला, “साहेब, देवानं असं डोकं एकालाच दिलं आणि साचा फोडून टाकला.” माणूस मोजके बोलतो, पण नेमके.

१२ एप्रिल

पत्नी डोरोथेआ नाराज. सकाळच्या बिगुलाने दचकून बिअरचे सार टेबलावर सांडले. म्हणाली, “अहो, कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलंय. रोज सकाळी युद्ध सुरू झालं असं वाटतं त्यांना.” निसर्गनियम आणि कोंबडी यांतील फरक तिला सविस्तर समजावला. पाठ फिरवून ऐकत होती, पण ऐकत होती.

२४ एप्रिल

यश! पवनचक्कीच्या टेकाडापासून पागेच्या दिशेने सराव हल्ला. बिगुल वाजताच घोडे सुटले ते असे की शिपायांना टाच मारावी लागली नाही. रांग सुतात ओवल्यासारखी.

लेफ्टनंट फॉन मुल्कविट्झ, ज्याचा डोळा माझ्या पथकावर आहे, तो म्हणाला, “झकास, कप्तान! आता शत्रूला तेवढं कळवा, की बाबा, लढायचं तर आमच्या पागेच्या दारात येऊन उभा राहा.” सगळे हसले. मीही हसलो. मत्सराला हास्याने उत्तर द्यावे.

उलट दिशेने सराव करण्याचा विचार मनात आला. पण पागेकडील जमीन अजून ओली आहे. शिवाय घोड्याला भूगोल कळत नाही, बिगुल कळतो.

९ मे

झोप नाही. स्वप्नात किल्ला, आणि मी पायी.

डोरोथेआने विचारले, “लोकरीचे मोजे वर ठेवू की पेटीत? समुद्राकडे वारा फार म्हणतात.” पेटी उघडलीच कशाला, असे मी विचारले. “झाडत होते,” म्हणाली. पेटी बंद करायला सांगितले. तिने ती भरून बंद केली.

निश्चय: हल्ल्यात मागे वळून पाहणार नाही. अधिकाऱ्याने मागे पाहणे म्हणजे आपल्याच माणसांवर संशय घेणे.

१८ मे

जमीन वाळली. उलट दिशेचा सराव आज करता आला असता. परंतु परीक्षा शंकास्पद गोष्टीची घ्यावी, सिद्ध झालेल्या गोष्टीची नव्हे. त्याऐवजी सर्वांच्या मिशांना मेण लावून घेतले.

२० मे

जनरलसाहेब आले. सूप नुसते हुंगून बाजूला सारले.

हुकूम: ते पवनचक्कीच्या टेकाडावर उभे राहणार, पथकांनी त्यांच्याकडे हल्ला चढवायचा. म्हणजे पागेकडून पवनचक्कीकडे.

बाहेर जाऊन दीर्घ श्वास घेतले, तेव्हा सुचले: भूक वाढवली की वेग वाढतो. उद्या सकाळचे ओट बंद. पागेलला सांगितले. तो म्हणाला, “मिशांना अजून मेण लावू का, साहेब?”

२१ मे, संध्याकाळ

शांतपणे आणि क्रमाने लिहितो.

बिगुल वाजला. मी तलवार उगारली, “मार्श, मार्श!” असा हल्ल्याचा हुकूम दिला आणि सुटलो. मागे जमीन दणाणली. काय तो आवाज! क्षणात तो विरळ झाला, मग थांबला. शेकडो खूर एकाच वेळी पडू लागले की असे होत असावे, असे मी मानले. मागे पाहिले नाही.

टेकाडाशी लगाम खेचून सलामी दिली. जनरलसाहेब माझ्या खांद्यावरून दूर कुठेतरी पाहत राहिले.

“कप्तान, बाकीचे कुठं आहेत?”

“मागेच आहेत, हुजूर.”

“आहेत खरे. फारच मागे आहेत.”

तेव्हा वळलो. पूर्ण पथक पागेच्या दारात, शेपट्या आमच्याकडे, तोंडे आत. शिपाई लगाम ओढून ओढून मागे झुकलेले. मुल्कविट्झची तुकडी मात्र येत होती, वेडीवाकडी, पण टेकाडाकडे.

पागेल धापा टाकत पायीच आला. “साहेब, शपथेवर सांगतो,” म्हणाला, “रांग मोडली नाही.”

२६ मे

किल्ल्याचा हुकूम झाला. पथक मुल्कविट्झला मिळाले. त्याने पहिल्याच दिवशी चाऱ्याचा जुना बिगुल सुरू केला. घोड्यांनी एका दिवसात आत्मसात केला, असे पागेल सांगत होता. “देवानं असं डोकं...” एवढे नव्या साहेबाला म्हणून तो मोकळाही झाला असेल.

मी शास्त्र सोडलेले नाही. पुढे असणे आणि पुढारी असणे यांतील फरक ओळखण्याची एक सोपी चाचणी तयार केली आहे. आज चर्चहून पायी घरी येताना स्वतःवर करून पाहिली. मी वळलो तो बोळ अत्यंत शांत निघाला. कोणालाही करता येईल. चार माणसांसह, त्यांच्या पुढे, रस्त्याने चालावे. अवाक्षर न बोलता मधल्या एखाद्या बोळात वळावे. आणि मग कान देऊन ऐकावे, आपल्याशिवाय आणखी कोणाचे बूट वाजतात का.