तवा कुणी वाजवला

माय, तू गेलीस तेव्हा मी तिसरीत होतो. शाळा तिथंच सुटली. आता सिल्वासाला आहे, नरोलीत एका खोलीत चौघं राहतो. कंपनीत स्टीलचे पाइप तेजाबाच्या टाकीत बुडवायचं काम. पाइप आत गेला की तांबडा धूर उठतो आणि सुपरवायझर ओरडतो, "अरे, धुएँ में क्यों खड़ा है, हवा की तरफ आ!" त्या धुराची भीती आता जास्तच बसलीय, कारण माझ्या मानेला सुपारीएवढी गाठ आलीय. तुझ्या छातीत होती तशीच.

शेजारच्या खोलीत कोकणातले एक सर राहतात, इथल्या शाळेत शिकवतात. रविवारी पेपर घेऊन आले. "तुझ्या टाकीचा वायू पेपरात आलाय रे, त्याच्या शोधाला मोठं बक्षीस!" मी म्हटलं, "मग शेठला हार घाला." हसले, आणि समजावत बसले. नायट्रिक ऑक्साइड. आपलं शरीरही तो कणभर बनवतं. तो म्हणजे एक निरोपच, मिळाला की नस सैल होते, रक्त धावतं. कॅन्सरची गाठही तोच निरोप धाडून रक्त आपल्याकडे ओढते. आणि शरीराचे शिपाई गाठीला मारायलाही तोच वापरतात. "मग तो कुणाचा, सर? आपला की तिचा?" "किती आहे, कुठं आहे, त्यावर म्हणे. अजून शोधतायत. पण टाकीतून तो हवेत आला की तांबडा, विषारी धूर होतो हं, तो छातीत घेऊ नकोस."

मला तुझा तवा आठवला. भाकरी झाली की तू तव्यावर उलथनं आपटायचीस, आम्ही नाल्यातून धावत यायचो. एकदा शेजारच्या काकूनं आपटलं नि आम्ही तिच्याच दारात जाऊन बसलो. तू कमरेवर हात ठेवून उभी. "आपला तवा वळखू येत नाही का रे, भुकेल्यांनो?" रक्तालाही येत नसेल, माय. गाठीनं तवा वाजवला, ते धावलं. आणि तू बाबांना म्हणत राहिलीस, "दुखत नाही ना, मग डॉक्टरला कशाला दाखवायची?"

परवा सरांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं गाठ दाबून विचारलं, "दुखते का?" मी लगेच हो म्हटलं, कण्हलोसुद्धा. गाठीतलं थोडं सुईनं काढून तपासायला दिलंय, उद्या कळेल. परतताना सर म्हणाले, "दुखते ना, मग साधीच असेल, घाबरू नकोस." तेवढंच धरून बसलोय. हा कागद कुठंच जाणार नाही, म्हणून लिहितो.

माय, दुखत नाही.