नऊ वह्यांत चेटकीण नाही

पहिला आला तो आमचा देवानंदच, धापा टाकत, पुण्याच्या गाडीच्या पुढे पळत. "आये, सतरंजी टाक, मॅडम आल्या!" सतरंजी आमच्याकडे एकच आणि तिच्यावर नागली वाळत होती. मी म्हटलं, नागली उचलणार नाही, मॅडमला खाटेवर बसव. मग संदीपची जीप आली आणि तिच्या मागे दोराने बांधलेली पांढरी गाडी, कारण आमचा शेवटचा चढ तिला एकटीला चढवेना. तिच्यातून उज्ज्वला मॅडम उतरल्या, पुण्याला मुलांची पुस्तकं छापतात त्या, आणि करण नावाचा त्यांचा चित्रं काढणारा. हे परवाचं, शनिवारचं. ते गेले आणि मी वही घेतली. मृत्युपत्राची वेळ त्यांनीच आणली, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात केली.

आता रीतीचं. मी, फागी लाडक्या दिघा, वय सत्तरच्या आसपास (नक्की किती ते शाळेच्या दाखल्यावर मिळणार नाही, कारण शाळेत नावच नव्हतं), राहणार उंबरपाडा, दाभोसा, तालुका जव्हार, जिल्हा पालघर, हे माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, चढ चढताना दम लागतो तेवढाच. कोणी धाक घातलेला नाही. कोणी घालावा असं माणूसही आता पाड्यावर उरलेलं नाही. जव्हारला कोर्टापाशी टाइप करणाऱ्या भाऊंनी नमुना दिला होता, त्यात "मानवी जीवन क्षणभंगुर असल्याने" असं होतं. ते मी गाळलं. मी जगून बघितलंय, चांगलं लांब असतं.

कलम एक. घर देवानंद आणि त्याची बायको सुनिता, दोघांचं. चुलीची खोली मात्र एकट्या सुनिताची, कारण देवानंद त्या खोलीत जेवायला सोडून कधी शिरला नाही. वनपट्ट्याची जमीन देवानंदने करावी. ती विकता येत नाही असा कायदा आहे. सरकारने एक तरी गोष्ट माझ्या मुलाला ओळखून केली.

कलम दोन. शेळ्या सुनिताच्या. कोयता, विळा, कुदळ जिथे टांगलीत तिथे राहू द्या, जो काम करील तो उचलील. बँकेच्या पुस्तकात जे असेल ते सुनिताने काढावं आणि कोणाला सांगू नये.

कलम तीन. हे मुख्य. माझ्या नऊ वह्या, ज्यांत चंद्राच्या गोष्टी आहेत, त्या माझी नात कविता देवानंद दिघा हिला देत आहे, तिला एकटीला. देवानंदला ह्या वह्यांच्या कुठल्याही कागदावर सही करायचा अधिकार नाही. तो माझा मुलगा आहे, माया आहे, पण पेन दिसलं की तो सही करतो. एकदा बोअरवेलचा अर्ज समजून कोणाच्या लग्नाच्या नोंदीला साक्षीदार होऊन आला. मी मेले की पुण्याची गाडी चढ चढायच्या आत तो सही करून बसेल, ही मला खात्री आहे.

वह्या कशा झाल्या ते सांगते, म्हणजे पुढे कोणी आपलं शेपूट जोडू नये. मी आश्रमशाळेत सत्तावीस वर्षं स्वयंपाकाला होते. अक्षरं तिथेच शिकले, पहिलीच्या मुलींच्या शेजारी बसून. शाळेचा तांदूळ खड्यांचा. रोज चार वाजता मुलींनी गोल बसायचं, सूप घ्यायचं आणि निवडायचं. लहान मुली, घर आठवून रडायच्या, रडता रडता खडे तसेच ठेवायच्या, आणि मग जेवताना मास्तरांचा दात हलायचा. म्हणून मी गोष्ट सुरू केली. कायदा दोनच. हात थांबले की गोष्ट थांबली. आणि जिला खडा सापडेल तिने सांगायचं, पुढे कोण आलं.

पहिल्या दिवशी चंद्रा नावाची मुलगी सुपावर बसून उडाली, ते माझं. पण चिंबोरा, म्हणजे खेकडा, माझा नाही. एका पोरीला खडा सापडला, ती म्हणाली, "चिंबोरा आला, आणि तो सेनापती हाय." म्हटलं, बरं, आला. तेव्हापासून तो तिरका चालतो आणि सगळ्या लढाया जिंकतो. दाभोशाच्या धबधब्यामागचं दारही कोणाच्या तरी खड्यातून निघालं. दुष्ट मात्र मी दिला. त्याचं नाव बोट्या. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, बोलणं मऊ. येतो, खाटेवर बसतो, चहा पितो, सगळ्यांची चौकशी करतो आणि जातो. तो गेला की गावात एक जण दुसऱ्याकडे बोट करतो, आणि ज्याच्याकडे बोट झालं तो धुकं होतो. मग चंद्राने त्या धुक्यात शिरायचं आणि माणसाला नावाने हाका मारायच्या. तीन हाकांत ओ आली तर माणूस परत. तिसरी हाक यायची तेव्हा चाळीस पोरींचे श्वास अडकलेले आणि सुपातले हात विजेसारखे चाललेले. काय सांगू, तसा स्वच्छ तांदूळ त्या शाळेत परत शिजला नसेल.

निवृत्त झाल्यावर कविता सुट्टीला यायची, मी सांगायची, ती लिहायची. पाच वह्या तिच्या हातच्या. पुढच्या चार मी लिहिल्या, अक्षर मोठं आहे म्हणून त्या जाड आहेत. कविताने कॉलेजात एक गोष्ट वाचली, ती कोणी पुण्याला पाठवली, आणि पावसाळ्याआधी हे दोघं पहिल्यांदा आले. फार कौतुक केलं. करणने आठवण म्हणून माझा फोटो काढला. मी केस विंचरून बसले होते.

आता शनिवारचं. मॅडम बोलायला गोड. "आजी, तुमचं जग अप्रतिम आहे. फक्त एक अडचण आहे. तुमचा बोट्या दिसायला फार साधा आहे हो. मुलांना बघताक्षणी कळायला हवं, चांगलं कोण आणि वाईट कोण."

मी विचारलं, "तुम्हाला कळतं का, बघताक्षणी?"

"नाही ना कळत. म्हणून तर गोष्टीत कळावं लागतं."

हे उत्तर बरं होतं, कबूल करते. पण मग करणने टॅब पुढे धरला. वाकलेली म्हातारी. पिंजारलेले पांढरे केस, लुगडं आमच्यासारखं गुडघ्याच्या वर खोचलेलं, कपाळावर गोंदण, नाक ओढून हनुवटीला टेकवलेलं. आणि उजव्या भुवईवर व्रण. तो व्रण शाळेच्या मोठ्या पातेल्याच्या झाकणाचा आहे, आणि तो माझ्या भुवईवर आहे.

"ही कोण?" मी विचारलं.

"बोट्याची आई. चेटकीण," करण खुशीत म्हणाला. "सगळ्या वाईटाच्या मागे हीच असते, असं दाखवू या."

"हिला मी ओळखते."

त्याने एकदा टॅबकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याचे कान लाल झाले. "आजी, तो फोटो फक्त संदर्भाला घेतला होता."

"सुनिता, संदर्भाला चहा दे गं," मी म्हटलं. सुनिता पदर तोंडाला लावून आत पळाली.

देवानंद खाली बसलेला, तो म्हणतो, "आये, चित्रच हाय ना. सही कर नि मोकळी हो."

मोकळी हो! एवढं शिकलेल्या माणसांना दुष्ट शोधायला पाठवलं, तर ते मुंबई-पुणं सोडून शंभर कोस आले, आणि नागली वाळवणारी एक म्हातारी पकडून घेऊन गेले. आमच्या भगतानेही एवढाच शोध लावला होता, आणि त्याला टॅब लागला नव्हता.

ते इथेच लिहून ठेवते, कविताला अर्धवट माहीत आहे. माझा थोरला दीर राघो, त्याचा बैल मेला, मग पोराला ताप आला. ओढ्याकडच्या खाचराचा वाद आधीपासून होता. तो भगताकडे गेला, भगताने सुपात दाणे टाकून पाहिले, आणि चेटकीण कोण म्हणून दाण्यांत म्हणे मी दिसले. भुताळी. मी अठ्ठावीस वर्षांची, केस काळे, दात सगळे जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर माझ्याकडे पहिलं बोट केलं ते हिरीने, राघोच्या बायकोने. संध्याकाळपर्यंत बोट न केलेला हात पाड्यावर सापडला नसता. माझा नवरा लाडक्या, त्याने बोट केलं नाही, हात खिशात घातले. ते खिसे मी त्याला मरेपर्यंत ऐकवले. खाचर राघोकडे गेलं. बैल काही परत आला नाही. पोराचा ताप दवाखान्याच्या सुईने उतरला. मी देवानंदला कडेवर घेऊन आश्रमशाळेची चूल धरली.

आणि एक दिवस राघोचीच नात, भारती, सात वर्षांची, त्या गोलात बसलेली. तिला खडा सापडला. घरी जे ऐकलं असेल तेच बोलली. "भुताळी आली." चाळीस सुपं थांबली. मोठ्या मुलींना सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "आली? मग उभी का ठेवलीस? बस म्हणावं. सूप दे तिला." भारतीने विचार केला, मग आपल्या शेजारी जागा केली, आणि खरोखर एक रिकामं सूप तिथे ठेवलं. हे सहाव्या वहीत जसंच्या तसं आहे. माझ्या नऊ वह्यांत भुताळीचं एवढंच काम आहे. ती तांदूळ निवडते.

म्हणून अटी घालते. ह्या वह्या छापल्या तर त्यांत कोणत्याही म्हातारीला दुष्ट करायचं नाही, आत नाही, वरच्या पानावर नाही, कोणाची आई म्हणूनही नाही. चंद्राला गोरी करायचं नाही, ती भाजलेल्या नागलीच्या रंगाची आहे. मॅडमनी सहीला आणलेल्या कराराच्या कागदावर "हे लेखन सर्वस्वी माझे एकटीचे आहे" असं आहे, ते खोटं आहे. लिहिणाऱ्याच्या जागी "तांदूळ निवडणाऱ्या मुली आणि फागी" असं घालावं. ह्यातलं एक जरी मोडलं तर कविताने वह्या परत आणाव्यात.

मला पुस्तक नको असं कोणी समजू नये. फार हवंय. रंगीत, नव्या कागदाचा वास येणारं, उशाशी ठेवून झोपले असते. पण माझंच तोंड चेटकिणीला लावून विकणार असतील, आणि ते बघून कुठल्या पाड्यावरची पोर आपल्या आजीकडे बोट करणार असेल, तर एवढी वर्षं न छापता चाललं, पुढेही चालेल.

कलम चार. करण गडबडीत ते चित्र कागदावर छापलेलंही विसरून गेला. ते माझ्या मागे थोरले दीर राघो यांस द्यावं. बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी भुताळी शोधायला घेतली होती. पुण्याच्या तज्ज्ञांनी काढून पाठवली आहे, भिंतीला लावावी. खाचर त्यांनीच ठेवावं. त्यात तसंही पाणी राहत नाही.

कलम पाच. मेल्यावर माझ्याबद्दल चांगलं बोलायचं असेल तर शाळेत जाऊन मुलींसमोर बोलावं. पाड्यावर बोलू नये, इथे मला हसू येईल.

साक्षीदार दोन लागतात, आणि ज्यांना काही मिळतं ते चालत नाहीत. संदीप जीपवाला तयार झाला. दुसरी म्हणून मी हिरीला निरोप धाडला. देवानंद म्हणाला, ती मरायला टेकलीय, येणार नाही. आज सकाळी काठी टेकत आली. खाटेवर बसली नाही, खाली बसली.

"मला काय देतीस, फागे?"

"काही नाही. म्हणून तर तू चालतेस."

"मग वाच, काय लिवलंस."

मी सगळं वाचलं, बेचाळीस वर्षांपूर्वीचंही. शेवटी साक्षीदारांच्या सहीवर जे वाक्य लागतं ते वाचलं: "आम्ही सांगतो की फागी लाडक्या दिघा ही शुद्धीवर आहे, तिने आमच्यासमोर सही केली, आणि ती भुताळी नाही व कधी नव्हती."

"हे मागचं सरकारला लागतं?"

"मला लागतं."

ती सतरंजीवरच्या नागलीत बोटं फिरवत राहिली. "म्हातारा इचारील, कुठं गेलतीस."

"सांग, चहाला."

"परत वाच. शेवटचं."

मी परत वाचलं. ती म्हणाली, "ते 'कधी नव्हती' कुठं हाय, दाखव." मी दाखवलं. तिने अंगठा शाईला लावला आणि बरोबर त्या दोन शब्दांवर दाबला. संदीप ओरडला, "आजी, तिथं नाय, खाली जागा हाय!"

"मला हितंच द्यायचा व्हता," हिरी म्हणाली, आणि पदराने अंगठा पुसत चहा मागितला. साखर जास्त.

शाईखाली अक्षरं गेली, म्हणून मी खाली परत लिहिते: कधी नव्हती.

सही: फागी लाडक्या दिघा

साक्षीदार: १. हिरी राघो दिघा, उंबरपाडा (अंगठा वर, शब्दांवर)
२. संदीप माघ्या वरठा, जीपचालक, दाभोसा (सही)

ठिकाण: उंबरपाडा, दाभोसा, तालुका जव्हार
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पुण्याची मंडळी सहीसाठी गुरुवारी, २७ तारखेला, परत येतो म्हणून सांगून गेली आहेत. यावं.