घेवड्याला मिरची

ता. ४, सोमवार
शाळेला सुट्टी लागली. कन्या (वय पाच) सकाळी दूध पिऊन जी खाली साडूकडे गेली ती जेवायलाच वर आली.

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. सध्या पायाला प्लास्टर, म्हणून घरी. माणसाने गप्प पडून राहावं की नाही? इमारतीतली पोरं गोळा करून हस्तकला शिकवतोय. या माणसाला भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नाही.

कन्येने कागदी थाळीचं घड्याळ करून आणलं. त्यात सात नाही. विचारलं तर म्हणाली, काका म्हणाले सात नंतर सापडेल.

मी इतकी वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतोय. माझी रेघ म्हणजे रेघ. पण घरात कदर कोणाला?

मला हेवा वाटत नाही. फक्त चीड येते.

ता. ५, मंगळवार
संकल्प: रोज संध्याकाळी कन्येला मी स्वतः शिकवणार. आठवड्यात ती खाली जायचं नाव काढणार नाही.

रात्री.
घड्याळापासूनच सुरुवात केली. आधी ड्रॉइंग काढलं. कंपासने वर्तुळ, कोनमापकाने बारा भाग. कन्येने खडू उचलला, तेवढ्यात मी तो काढून घेतला, कारण पेन्सिलीच्या रेघा अजून खोडायच्या होत्या. काटे बसवले तेव्हा ती सोफ्यावर झोपली होती. घड्याळ मात्र अप्रतिम. सातसकट. भिंतीवर उंच लावलं, म्हणजे कोणाचा हात लागायला नको.

ता. ६, बुधवार
कन्येने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बटाट्याचे ठसे आहेत म्हणून पळाली. परत आली ती कोपरापर्यंत निळी. जेवताना घासागणिक काका. काका असे हसले, काका तसे पडले. मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. ही म्हणाली, मीठ बरोबर आहे, तुमचंच तोंड उतरलंय.

ता. ७, गुरुवार
खाली पेल्यात कापूस घालून घेवड्याचे दाणे पेरलेत म्हणे. त्यात काय मोठंसं? मीही पेरले. कन्येला पाणी घालायचं होतं. तिचा हात जड आहे, म्हणून ड्रॉपरने मीच घातलं.

ता. ९, शनिवार
साडूकडच्या दाण्यांना मोड आले. आमचे अजून मख्ख. मी अधूनमधून कापूस उचकटून नीट तपासणी करतो, तरी प्रगती नाही. ही म्हणाली, दाण्याला जरा एकटं सोडा. शेतीतलं हिला काय कळतं?

ता. ११, सोमवार
आमच्या दाण्यांना वास येतोय. साडूच्या घेवड्याला पानं फुटली. कन्येने हाताने उंची दाखवली.

ता. १२, मंगळवार
सकाळी फिरायला जातो म्हणून निघालो आणि रोपवाल्याकडून एक रोप आणलं. घेवडाच आहे ना विचारलं. तो फोनवर बोलता बोलता हो म्हणाला. ते पेल्यात लावून कन्येला उठवलं. डोळे हे एवढे झाले तिचे! गळ्यात पडली. अशी शेवटची कधी पडली होती, आठवत नाही. फसवणूक नाही ही. प्रोत्साहन आहे.

दुपारी तिचा ऑफिसात फोन. आपल्या घेवड्याला मिरची लागली म्हणाली. पानाआड एक इवलीशी होती, माझ्या नजरेतून सुटली. संध्याकाळी हिने सांगितलं, खालची सगळी पोरं वर येऊन बघून गेली. साडूसुद्धा कुबड्या घेऊन जिना चढला. त्याने पान चुरगळून वास घेतला आणि पोरांना गंभीरपणे सांगितलं, काही घेवडे तिखट स्वभावाचे असतात.

मला उघडं पाडलं असतं तर परवडलं असतं. सांभाळून घेतलं. हा आगाऊपणा मी विसरणार नाही.

ता. १४, गुरुवार
रविवारी साडूच्या हॉलमध्ये पोरांच्या वस्तूंचं प्रदर्शन. आता बघाच. दोन दिवस रजा टाकली. पुठ्ठ्याचं घर करणार, स्केलमध्ये. उघडणाऱ्या खिडक्या, जिना, गच्चीला कठडा. कन्या त्या घराशेजारी उभी राहील, लोक विचारतील कोणी शिकवलं, आणि ती सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट दाखवेल. बस्स. मला एवढंच हवंय.

ता. १५, शुक्रवार
कन्येला दार रंगवायचं होतं. म्हटलं, फेविकॉल वाळू दे. थोडा वेळ शेजारी बसली. मग विचारलं, मी जाऊ का? म्हटलं जा. आज जरा बरंच वाटलं, कठड्याचं काम नाजूक होतं.

ता. १७, रविवार
घराभोवती गर्दी. इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंनी तर फोटो काढला. मग कन्येला विचारलं, हे तू केलंस? कन्येने बोट दाखवलं. माझ्याकडेच. म्हणाली, हे बाबांनी केलं, हात लावू नका, ते ओरडतात. आणि स्वतःच्या तीन पायांच्या हत्तीपाशी जाऊन उभी राहिली.

सहा वर्षांखालील गटात पहिला नंबर माझा आला. बक्षीस खडूंची पेटी. साडूने दिली. सगळ्यात जोरात टाळ्या कन्येने वाजवल्या, त्यात तिचा काही डाव नव्हता, हेच जास्त लागलं.

ता. १८, सोमवार
रजा आणखी एक दिवस वाढवली, कन्येसाठी. कन्या खाली. तिला आणायला ही गेली, ती पण तिकडेच. खालून हसण्याचे आवाज. मी पेपर वाचला. पुन्हा वाचला.

जळतोय मी. लिहून टाकलं एकदाचं.

संध्याकाळी.
शेवटी खाली गेलो. कारण ठरवून ठेवलं होतं: साडूच्या पायाची चौकशी. दार कन्येने उघडलं. मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत वळून ओरडली, काका, माझे बाबा तुमच्याशी खेळायला आलेत.

साडू म्हणाला, ये, बस. पोरांनी सरकून जागा केली. कन्येने मला बोथट कात्री दिली. धारेची मोठ्या माणसांसाठी आहे म्हणाली.