तुझ्या गाडीत व्हॉल्व्ह बसवला

आई, तुझ्या गाडीच्या हिटरने या हिवाळ्यात मला वेड लावलं. बटण फिरवावं, पंखा घरघरावा आणि पायांवर फ्रिज उघडल्यासारखी हवा यावी. तू म्हणशील, नाशिकात हिटर कशाला लागतो, शाल घ्या. तुझ्या वेळी तो कधी कुणी लावलाच नाही. पण बाबांची छाती आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. सकाळी लवकर त्यांना वाफ घ्यायला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि गार वारा लागता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलंय. रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी. जावयाच्या गाडीत ते बसत नाहीत. बसणार तर तुझ्याच गाडीत, मागच्या सीटवर, कानटोपी आणि मफलर घालून. इंदिरानगरातून निघून हमरस्त्याला लागेपर्यंत खोकल्याची अशी उबळ येते की मला गाडी बाजूला घ्यावी लागते. एका सकाळी ते म्हणाले, "आज राहू दे." दुसऱ्या सकाळीही तेच. मी घाबरले, आई. तूसुद्धा डॉक्टरांकडे जायचं असंच टाळत गेलीस, आज राहू दे, उद्या बघू म्हणत, आणि मग आम्हाला सोडून गेलीस.

मी स्वस्थ बसणाऱ्यातली नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. एका मेकॅनिकने रेडिएटरचं पाणी पाहिलं, ते भरलेलंच होतं. दुसऱ्याने हिटरची जाळी तुंबली असेल म्हणून ती धुऊन काढली, तरी हवा गारच. तिसरा म्हणाला, "मॅडम, गाडी विकून टाका," आणि त्याच्याशी मी भर रस्त्यात भांडले. मग माझं मीच बघायला लागले. सिग्नलला थांबलं की हवा किंचित कोमट होते, मोकळ्या रस्त्यावर गाडी पळायला लागली की पुन्हा गार. आणि तो इंजिनाच्या तापमानाचा काटा! घोटीच्या शाळेत शिकवून दमून यायचीस, तरी संध्याकाळी मला गाडी शिकवायला न्यायचीस, आणि माझ्या मांडीवर चापट मारून म्हणायचीस, "दोन डोळे रस्त्यावर, तिसरा काट्यावर." पण तू मला काटा वर चढतोय का एवढंच बघायला शिकवलंस. तो कायम तळाशी पडलेला असतो, हे मला इतक्या वर्षांत कधी खटकलंच नव्हतं. इंजिनच तापत नसेल तर हिटर बिचारा ऊब कुठून आणणार?

तसं मी द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजवाल्याला सांगितलं. त्याने पाइप सोडवला, आत बोट घातलं आणि हसायलाच लागला. "ताई, ह्यात व्हॉल्व्हच नाय. कोणीतरी काढून टाकलाय." इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्या व्हॉल्व्हचं काम. तो नसला की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं आणि गार होत राहतं. "पूर्वी लय लोक काढायचे," तो म्हणाला. "गाडी गरम व्हायची भीती."

कोणीतरी म्हणजे कोण, ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. मे महिना, कसारा घाट, आपण लग्नाला निघालोय. बॉनेटमधून वाफ येतेय. तू ओरडतेयस, "थांबा हो, हात लावू नका!" आणि बाबा हातरुमालाने रेडिएटरचं झाकण फिरवतातच. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचा हात भाजला. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरात तुमचं भांडण झालं, तू पोळ्या लाटत होतीस. विमानाच्या कारखान्यात नोकरी करणारे बाबा म्हणत होते, इंजिनाला त्याची म्हणून एक उष्णता लागते, व्हॉल्व्ह काढू नये. तू लाटणं न थांबवता म्हणालीस, "तुमची विमानं तिकडे ओझरला. ही गाडी माझी आहे." दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. तू तर ताक कायमचंच गार करून ठेवलंस.

"नवा बसवू ना?" गॅरेजवाल्याने विचारलं. मला हो म्हणवेना. तुझा राग आला, बाबांचा आला, स्वतःचाही आला. बाबांना पुन्हा काही होऊ नये म्हणून तू जे केलंस, तेच आता त्यांना खोकवत होतं. यात चूक कुणाची म्हणायची? शेवटी म्हणाले, बसवा.

दुसऱ्या दिवशी बाबांना जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं. काटा हळूहळू मध्यावर आला, पण तिथून तो पुढे सरकला नाही. ऊब मागच्या सीटपर्यंत पोचली. बाबांनी मफलर सैल केला. दवाखाना येईपर्यंत ते एकदाही खोकले नाहीत. मी त्यांना व्हॉल्व्हचं सांगितलं तर म्हणाले, "माहितीये मला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तिची गाडी आहे," ते म्हणाले. मग पुढे वाकून, हळू आवाजात, "हे तुझ्या आईला सांगू नकोस."

चेष्टा करत असतील म्हणून मी आरशात पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते आणि चेहऱ्यावर खरोखरीची काळजी होती.

"नाही सांगत," मी म्हणाले.

त्यांना शब्द दिला आणि इथे सगळं लिहून बसले. हा कागद आता फाडून टाकते. तरीही तुला कळलंच असेल, तर बोलायचं ते मला बोल. त्यांना काही म्हणू नकोस.